पिसांची माशी

‘माशीनें मासा धरितात,’ हें वाक्य मराठींत लिहिलें तर वाचणारा प्रथम हंसेल, आणि मग मुद्रकाच्या हातून कांहीं प्रमाद झाला असावा असें समजून पुढल्या ओळीकडे वळेल. आपल्याकडे गळास गांडूळ लावितात, कणकेची गोळी लावितात, कोळंबीचा तुकडा लावितात. म्हणजे माशास खावयास कांहींतरी देऊं करितात व मग त्यास धरितात. व्यवहार कपटाचा खरा, पण त्यांत आमिष तरी खरें असतें. परंतु ज्या माशीविषयीं मी आज लिहावयास बसलों आहें, तिच्यांत खाण्याजोगें कांहींच नसतें. एक बारीक गळ, त्याभोंवतीं गुंडाळलेला रेशमाचा धागा, आणि एखाद्या पक्ष्याच्या पिसाचे दोन वेढे, एवढेंच तिचें शरीर. तिला वास नाहीं, रुचि नाहीं. केवळ रूपानें व पाण्यांतल्या हालचालीनें ती माशास भुलविते. अशी माशी बांधणें ही इंग्लंड व स्कॉटलंड या देशांत शतकानुशतकें चालत आलेली हस्तकला आहे, आणि दैवयोगानें ती मला थोडीशी अवगत झाली. विद्यार्थिमित्रांस तिची कांहीं माहिती द्यावी, आणि तिच्यामुळें माझ्यापुढें जो एक पेंच उभा राहिला तोहि सांगावा, अशा दुहेरी हेतूनें हा लेख लिहीत आहें.

२०१२ सालीं नोकरीनिमित्त मी यॉर्कशायर परगण्यांत राहावयास गेलों. गांव लहान, वार्फ नदीच्या कांठीं वसलेला. हिवाळ्यांत दुपारीं चारच्या सुमारास अंधार पडे, आणि प्रयोगशाळेंतील काम आटोपून घरीं आल्यावर संध्याकाळ कशी घालवावी ही मोठीच विवंचना असे. शेजारीं एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहत. त्यांनीं चाळीस वर्षें जोडे शिवण्याचा व दुरुस्त करण्याचा धंदा केला होता. एके दिवशीं माझ्या बुटाचा तळ उकललेला पाहून त्यांनीं तो मागून घेतला. परत आणावयास गेलों तेव्हां त्यांच्या स्वयंपाकघराच्या मेजावर हा सारा संसार मांडलेला मीं पाहिला: सोनाराच्या दुकानांत शोभेल असा लहानसा शेगडा, त्याच्या जबड्यांत नखाएवढा गळ, रेशमाच्या रिळांची रांग, तंबाखूच्या जुन्या डब्यांतून भरून ठेविलेलीं पिसें, आणि मेणाचा एक काळा गोळा. त्याच मेणानें ते पूर्वीं जोड्यांचा दोरा ओढीत आणि आतां माशीचें रेशीम ओढीत. मीं कुतूहलानें दोन प्रश्न विचारले. त्यांनीं उत्तर न देतां एक खुर्ची पुढें सरकविली. त्या खुर्चीवर पुढें मी तीन हिवाळे बसलों.

हा उद्योग फार पुरातन आहे. सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं ईलियन नांवाच्या रोमन ग्रंथकारानें मॅसिडोनियांतील कोळ्यांचें वर्णन करितांना लिहून ठेविलें आहे, कीं ते गळाभोंवतीं तांबडी लोंकर गुंडाळीत व तिजवर कोंबड्याच्या गलोलीखालीं येणारीं मेणाच्या रंगाचीं दोन पिसें बांधीत. इंग्लंडांत १४९६ सालीं विंकिन द वर्ड या मुद्रकानें छापलेल्या एका प्रबंधांत बारा माश्यांच्या कृति दिलेल्या आढळतात. परंपरा त्या प्रबंधाचें कर्तृत्व ज्युलियाना बर्नर्स नामक एका मठवासिनीस देते. पुढें १६५३ सालचा आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ आणि १६७६ च्या आवृत्तींत चार्ल्स कॉटननें त्यास जोडलेला भाग, अशी ही परंपरा चालत आली. ग्रंथांचा इतिहास एवढा पुरे. माझ्या शेजाऱ्यांनीं यांपैकीं बहुतेक ग्रंथ वाचले नव्हते, आणि त्यावांचून त्यांचें कांहीं अडलेंहि नव्हतें.

माशी समजावयाची तर आधीं कीटक समजला पाहिजे. ट्राउट हा थंड व वाहत्या पाण्यांतला मासा. ज्या कीटकांवर तो पोट भरितो त्यांतील एका वर्गास तिकडे मेफ्लाय म्हणतात. हा कीटक आयुष्याचा बहुतेक भाग पाण्याखालीं दगडांच्या आश्रयानें काढितो. मग एके दिवशीं वर येतो, पाण्याच्या पृष्ठावर कात टाकितो, आणि होडीच्या शिडासारखे उभे पंख घेऊन क्षणभर प्रवाहाबरोबर वाहत जातो. पंख फुटल्यानंतरहि पुनः एकदां कात टाकणारा कीटक सृष्टींत हाच एक. या अवस्थेंत तो कांहींहि खात नाहीं. त्याचें तोंड निरुपयोगी झालेलें असतें. थोड्याच तासांत, फार तर एकदोन दिवसांत, विवाह, संतति आणि मरण हे तिन्ही प्रसंग उरकतात. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून या सर्वांची वाट पाहत असतो. पण उडून जाणाऱ्या कीटकापेक्षां कात टाकतांना अडकलेला, भिजून अर्धमेला झालेला कीटक त्यास अधिक सुलभ. उत्तर इंग्लंडच्या जुन्या कारागिरांनीं ही दुर्बल अवस्थाच नेमकी हेरली. त्यांच्या माश्यांस पंख नसतात. त्यांस ते ‘स्पायडर’ म्हणजे कोळी असें म्हणतात, पण कोळ्याशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं. पिसाचे तंतु चोहोंकडे पायांसारखे पसरलेले दिसतात म्हणून तें नांव पडलें असावें.

पहिली माशी मीं बांधली ती ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’, म्हणजे तितर आणि नारिंगी. नांवांतच सगळी कृति आली. नारिंगी रेशमाचा एकपदरी धागा मेणावरून ओढावयाचा, म्हणजे तो गळास चिकटून राहतो. गळाच्या डोळ्यापाशीं आरंभ करून वेढ्यास वेढा भिडवीत मागें जावयाचें, आणि गळाचें टोंक जेथें आहे त्याच्या बरोबर वर थांबावयाचें. वांकापर्यंत जावयाचें नाहीं. मग तितराच्या पाठीवरील एक लहान, तपकिरी ठिपक्यांचें पीस घ्यावयाचें. बुडाचा मऊ कापूस काढून टाकावयाचा, टोंक धरून तंतु उलटे विंचरावयाचे, आणि डोळ्यापाशीं बांधून त्याचे दोन वेढे द्यावयाचे. दोनच. नवशिक्याचा हात येथें नेहमीं सैल सुटतो. पीस सुंदर असतें, तें थोडें अधिक दिसावें असें वाटतें, व तो चार-पांच वेढे देऊन मोकळा होतो. अशी माशी हातांत घेतली तर भरदार दिसते. पाण्यांत पडली कीं भिजलेल्या केरसुणीसारखी होते. उलट दोन वेढ्यांची माशी हातांत अगदींच केविलवाणी वाटते. पण प्रवाहांत तिचे तंतु मिटतात, उघडतात, पुनः मिटतात, आणि नारिंगी रेशीम भिजून गडद होऊन पिकल्या चिंचेच्या रंगाकडे झुकतें. ती जिवंत आहे असें पाहणाऱ्या माणसासहि वाटूं लागतें.

हें सर्व मला नदीवर नव्हे, तर त्या स्वयंपाकघरांतच दाखविण्यांत आलें. मेजावर पाण्यानें भरलेला एक कांचेचा पेला सदैव ठेविलेला असे. बांधून झालेली प्रत्येक माशी दोऱ्यास अडकवून ते पेल्यांत सोडीत, खिडकीकडे धरीत, हलवीत, आणि मग तिचें बरेंवाईट ठरवीत. कोरड्या माशीविषयीं त्यांनीं कधीं मत दिलें नाहीं. “भिजवून पाहा,” एवढेंच म्हणत.

दुसरी माशी ‘वॉटरहेन ब्लोआ’. ‘ब्लोआ’ या शब्दाचा अर्थ मला कोणी सुशिक्षित इंग्रज सांगूं शकला नाहीं, जोडेवाल्यानें सांगितला. त्या भागाच्या जुन्या बोलींत शिशासारख्या निळसर करड्या रंगास तो शब्द आहे. मार्च महिन्यांत, थंडी अजून सरली नसतांना, आभाळाचा जो रंग असतो तो ब्लोआ. त्याच दिवसांत नदीवर एक काळसर हिरवट मेफ्लाय निघतो, व त्याची ही प्रतिकृति. धागा पिवळा, त्यावर मोल नांवाच्या जमिनींत बोगदे खोदणाऱ्या लहान प्राण्याची लव इतकी विरळ लावावयाची, कीं तिच्यांतून पिवळें रेशीम दिसत राहावें. आणि वर पाणकोंबडीच्या पंखाखालील धुरकट पिसाचे ते दोनच वेढे. जुन्या कृतींत मोलऐवजीं पाण-उंदराची लवहि सांगितलेली असते. तो प्राणी आतां त्या देशांत विरळा झाला असून कायद्यानें संरक्षित आहे. तेव्हां सर्वजण मोलची लव वापरितात, आणि ट्राउटनें त्याविषयीं कांहीं तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं.

येथें वाचकांच्या मनांत सहज येईल, कीं कृति जर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली, तर ती बदलावयाचा अधिकार कोणास? मलाहि हाच प्रश्न पडला होता, आणि त्याचें उत्तर एका माशीच्या चरित्रांत चांगलें सांपडतें. ती माशी म्हणजे ‘ग्रीनवेल्स ग्लोरी’. १८५४ च्या मे महिन्यांत डरहॅमचे कॅनन विल्यम ग्रीनवेल हे धर्मोपदेशक स्कॉटलंडच्या सीमेवर ट्वीड नदींत मासे धरीत होते. हे गृहस्थ पुढें प्राचीन थडग्यांचे संशोधक म्हणूनहि प्रसिद्धीस आले, आणि सत्त्याण्णव वर्षें जगून १९१८ सालीं वारले. त्या दिवशीं मासे एका विशिष्ट कीटकावर तुटून पडत होते व यांच्या कोणत्याहि माशीकडे ढुंकून पाहत नव्हते. तेव्हां स्प्राउस्टन गांवच्या जेम्स राइट नांवाच्या कारागिराकडे जाऊन त्यांनीं त्या कीटकासारखी माशी बांधवून घेतली. पिवळें रेशीम, कस्तूर पक्ष्याच्या पंखाच्या तुकड्यांचे पंख, आणि मध्यभागीं काळें व कडेस तांबूस असें कोंबड्याच्या मानेचें पीस. दुसऱ्या दिवशीं मासे भरपूर मिळाले. माशीचें बारसें गांवच्या शाळामास्तरांनीं केलें असें सांगतात. शिक्षकांचा हात कोठें कोठें पोंचतो पाहा.

आतां गंमत अशी, कीं या कृतींतलें पिवळें रेशीम माशीवर पिवळें दिसतच नाहीं. चांभारी काळ्या मेणावरून तें ओढलें, कीं हिरवट होतें. आणि त्या हिरवटपणांतच सारें रहस्य आहे. मेण न लावितां कोणी नुसतें पिवळें रेशीम गुंडाळील, तर कृतींतील प्रत्येक शब्द पाळूनहि त्याची माशी चुकेल. पुढें लोकांनीं तिजवर सोन्याच्या बारीक तारेचे वेढे चढविले. तार मूळ कृतींत नव्हती, पण आज तिजवांचून ग्रीनवेल ओळखूं येत नाहीं. कोणी पंख काढून टाकून तिचा कोळी केला. कोणी तिला जड करून तळाशीं जाणारी अळी केली. कस्तुराच्या पंखाऐवजीं आमच्या साळुंकीचा तिकडील भाऊबंद जो स्टार्लिंग, त्याचा पंख आला. माझ्या शेजाऱ्यांच्या पेटींत एकाच नांवाच्या चार निरनिराळ्या माश्या शेजारीं शेजारीं टोंचलेल्या होत्या, आणि ते चारींस निःशंकपणें ग्रीनवेल म्हणत. पेल्यांत चारी सोडल्या, तर चारींच्या अंगाचा तोच भिजल्या शेवाळाचा रंग.

म्हणजे कृतींत राखावयाचें काय आणि सोडावयाचें काय, यास ट्राउटच्या माशींत एक कसोटी आहे. माशास पाण्यांत जें दिसतें तें राखावयाचें: अंगाचा सडपातळपणा, भिजल्यावरचा रंग, तंतूंची हालचाल. पीस कोणत्या पक्ष्याचें हा प्रश्न त्यानंतरचा. हें कांहीं आजचें सुधारक मत नव्हे. डब्ल्यू. सी. स्टुअर्ट या स्कॉटिश लेखकानें १८५७ च्या आपल्या पुस्तकांत डॉटरेल पक्ष्याचें पीस सांगून लगेच म्हटलें आहे, कीं हा पक्षी दुर्मिळ असल्यानें स्टार्लिंगच्या पंखाच्या आंतील पीस चालेल.  मला हा शेरा फार आवडतो. बदली पीस सांगावयाचें, आणि पुढें चालावयाचें.

परंतु याच कलेची दुसरी एक शाखा आहे, आणि तेथें ही कसोटी चालत नाहीं. ती शाखा म्हणजे सॅमनची माशी. सॅमन मासा समुद्रांत वाढतो व अंडीं घालण्यासाठीं नदींत येतो. नदींत आल्यावर तो अन्न घेत नाहीं. मग तो माशी तोंडांत कां धरितो, यावर आजवर पुष्कळ वाद झाला आहे. तो कांहींहि असो. अन्नच घेत नसल्यामुळें त्याच्या माशीस कोणत्याहि कीटकासारखें दिसण्याचें बंधन नाहीं. बंधन सुटलें आणि मनुष्याची हौस मोकळी झाली. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत जगांतील सर्व बंदरांतून पक्ष्यांचीं कातडीं लंडनला येत, मुख्यतः स्त्रियांच्या टोप्यांसाठीं. आणि त्यांतूनच ह्या माश्या नटूं लागल्या. जॉर्ज केल्सननें १८९५ सालीं सॅमनच्या माशीवर मोठा ग्रंथ लिहून एकेका कृतीचा असा कांटेकोर पाठ दिला, जणूं काय एक पीस बदललें तर आकाश कोसळेल.

‘जॉक स्कॉट’ ही या घराण्याची पट्टराणी. लॉर्ड जॉन स्कॉट यांच्या पदरीं असलेल्या त्याच नांवाच्या सेवकानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नॉर्वेच्या वाटेवर ती बांधली असें म्हणतात. तिचें मागलें अर्धें अंग पिवळ्या रेशमाचें, त्यावर टूकन पक्ष्याचीं पिसें. पुढलें अर्धें काळें. पंखांत टर्की, माळढोकाच्या जातीचा बस्टर्ड, मोर, सोनेरी फेझंट, हंस, बदकें यांच्या पिसांचे तंतु एकमेकांत गुंफलेले. बाजूंस दक्षिण अमेरिकेंतील कोटिंगाचें निळें पीस, वर मकाव पोपटाच्या पिसांचीं शिंगें. शेपटाशीं ‘इंडियन क्रो’ नांवाचें तांबडें पीस. हें नांव वाचून माझी छाती क्षणभर अभिमानानें फुगली. पण तो पक्षी कावळाहि नाहीं आणि हिंदी तर मुळींच नाहीं, तो दक्षिण अमेरिकेंतला निघाला. मात्र एक पीस खरोखर आपलें आहे. माशीच्या दोहों अंगांस, गालाच्या जागीं, एकेक चकचकीत ठिपक्यांचें पीस असतें. त्यास ते ‘जंगल कॉक’ म्हणतात, आणि तो आपला राखी रानकोंबडा.

हा पक्षी फक्त भारताच्या द्वीपकल्पांत आढळतो; सोनेरा या फ्रेंच सृष्टिशास्त्रज्ञाच्या नांवावरून त्यास शास्त्रीय नांव मिळालें आहे. माझें आजोळ आंबोली घाटाच्या पायथ्याशीं. पहांटे परसांतल्या कोंबड्याच्या आधीं रानांतून त्याची तुटक, खडबडीत बांग ऐकूं येई, आणि आजी म्हणे, “उठा, रानांतले उठले.” त्याच्या नराच्या मानेवरील पिसांचें टोंक पिसासारखें नसतें, तेथें तें सपाट, शिंगासारखें कठीण व तुकतुकीत होतें, आणि त्यावर लाखेचे थेंब पडावे तसे पांढरे व पिवळे ठिपके असतात. पाण्यांत तें मऊ पडत नाहीं. डोळ्यासारखें चमकत राहतें.

तिसऱ्या हिवाळ्यांत माझ्या शेजाऱ्यांचे हात कांपूं लागले होते. एका डोळ्यास कमी दिसे. तरुणपणीं ते वर्षांतून एकदां ट्वीड नदीवर सॅमन धरावयास जात. आतां तें संपलें होतें. दृष्टि आहे तोंवर एक जॉक स्कॉट पुरती बांधावी असें त्यांच्या मनानें घेतलें. टूकन, इंडियन क्रो, कोटिंगा यांच्या जागीं रंगविलेलीं कोंबडीचीं व बदकाचीं पिसें वापरण्यास ते केव्हांच तयार झाले होते. पण रानकोंबड्याची मान, वडिलांच्या वेळची, काढून पाहतात तों तिला कसर लागलेली. डब्यांत नुसता भुगा. मी नाताळांत घरीं येणार हें त्यांस ठाऊक होतें. बोलण्याच्या ओघांत, शेगड्यावरून दृष्टि न काढतां, ते म्हणाले, “तुझ्याच रानांतला पक्षी आहे, पोरा. एक मान मिळाली तर घेऊन ये. पैसे देईन.”

त्यांनीं आजवर मजजवळ कांहींहि मागितलें नव्हतें. माझे बूट त्यांनीं तीनदां दुरुस्त केले होते व एक पैसा घेतला नव्हता. आणि मागितलेली वस्तु अशक्यहि नव्हती. आजोळच्या वाडींत फांसे लावणारीं माणसें कोण, तीं मला ठाऊक होतीं. एक शब्द टाकला असता तर मान केळीच्या पानांत गुंडाळून दारांत आली असती. हें सर्व एका क्षणांत मनांत येऊन गेलें, आणि मी म्हणालों, “हें मजकडून होणार नाहीं.”

कारण विचारल्यावर मीं सांगितलें. परदेशी टोप्यांसाठीं आमच्याकडील पक्ष्यांचा इतका संहार झाला, कीं १९०२ सालीं इंग्रज सरकारनेंच पिसांच्या निर्यातीस बंदी घातली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या पक्ष्याची शिकारहि गुन्हा ठरविली. “आणि गळून पडलेलें पीस?” त्यांनीं विचारलें. मीं म्हटलें, “पीस गळलें कीं उपटलें हें पिसावर लिहिलेलें नसतें. विकत घेणाऱ्यास तें समजत नाहीं, म्हणून गळलेल्यासहि मोल आलें कीं उपटणारा तयार होतो.” इंग्लंडांतच पाळलेल्या रानकोंबड्यांच्या माना दुकानांत उघडपणें मिळतात, तशी एक मी विकत घेऊन देतों, असेंहि मीं म्हटलें. त्यांनीं मान हलविली. त्यांची किंमत ते जाणत होते, आणि माझ्याकडून तेवढी भेट घेणें त्यांस मानवणारें नव्हतें. रानांतली आणून द्यावी यांत त्यांस भेट वाटली नाहीं, शेजारधर्म वाटला. ही गोष्ट मला तेव्हां चमत्कारिक वाटली व आजहि वाटते. त्या रात्रीं पेला रिकामा करून त्यांनीं दिवा लवकर मालविला.

मी सुट्टीवरून परत आलों तेव्हां बोलावणें येईल कीं नाहीं याची मला शंका होती. आठ दिवसांनीं आलें. शेगड्यावर कांहीं नव्हतें. ते ट्रिंग येथील चोरीविषयीं बोलूं लागले. ती हकीकत अशी: २००९ च्या जून महिन्यांत, लंडनच्या वायव्येस ट्रिंग या गांवीं असलेल्या सृष्टिसंग्रहालयांतून दोनशें नव्याण्णव पक्ष्यांचीं कातडीं चोरीस गेलीं. त्यांतील कित्येक आल्फ्रेड रसेल वॉलेस या थोर सृष्टिशास्त्रज्ञानें स्वतः गोळा केलेलीं होतीं. चोर निघाला एक विशींतला अमेरिकन विद्यार्थी. लंडनांत बांसरी शिकणारा, आणि जुन्या सॅमन-माश्या बांधण्यांत विलक्षण तरबेज. त्यास जुन्या ग्रंथांतील पिसें हवीं होतीं, बदली नकोत. आणि बरींचशीं त्यानें त्याच नादाच्या इतरांस विकलीं. पुष्कळ कातडीं परत मिळालीं, पण अनेकांच्या पायांच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या होत्या. कोणत्या रानांत, कोणत्या दिवशीं तो पक्षी मिळाला हें त्या चिठ्ठीवरच असतें. ती गेली कीं शास्त्राच्या दृष्टीनें उरतो तो नुसता पिसांचा गठ्ठा. २०११ सालीं न्यायालयानें त्या तरुणास बारा महिन्यांची शिक्षा दिली, पण तीहि तहकूब ठेविली. या प्रकरणावर २०१८ सालीं कर्क वॉलेस जॉन्सन यांचें पुस्तक निघालें, तें मीं पुढें वाचलें.

“त्याच्या माश्या मीं चित्रांत पाहिल्या आहेत,” म्हातारे म्हणाले. “हात असा कीं दहा जन्मांत मला साधणार नाहीं. पण एकहि माशी त्यानें पाण्यांत टाकली नसेल.” हा त्यांचा सर्वांत कडक शेरा होता. माझ्या नकाराविषयीं ते कांहीं बोलले नाहींत, व मीहि विषय काढिला नाहीं.

माझें स्वतःचें मत विचाराल तर सांगतों. सॅमनच्या त्या नटव्या माश्या पाहावयास अपूर्व आहेत, पण त्यांच्या कृतींस नदीची आज्ञा राहिली नाहीं, ग्रंथाची तेवढी राहिली. आणि नदीनें ‘चालेल’ म्हणावें तसें ग्रंथ कधीं म्हणत नाहीं. त्या तरुणाचा गुन्हा त्याचा स्वतःचा. परंतु ‘हेंच पीस पाहिजे’ हें वेड त्याच्या आधीं शंभर वर्षें छापून तयार होतें.

फेब्रुवारींत त्यांनीं जॉक स्कॉट बांधावयास घेतली. पांच संध्याकाळ लागल्या. धागा मी धरीत असें, तंतु ते जुळवीत. गाल बांधावयाची वेळ आली तेव्हां त्यांनीं गिनीकोंबडीच्या पिसावर पांढरा रंग टिपून पाहिला, पेल्यांत बुडविला, आणि बाजूस ठेविला. रंग चमकत नव्हता. मग गालांवांचूनच डोकें बांधून, त्यावर काळें रोगण लावून त्यांनीं माशी पुरी केली. रोगण वाळल्यावर मीं ती पेल्यांत धरली. पिवळें अंग, काळें अंग, पंखांतले नाना रंग, सर्व एकजीव होऊन हललें. गालाच्या जागीं मात्र कांहीं नव्हतें, आणि तें नसलेलें मला स्पष्ट दिसत होतें. त्यांसहि दिसलें असावें. “ही जॉक स्कॉट नव्हे,” ते म्हणाले. मी म्हटलें, “ग्रीनवेलच्या चार प्रकारांस तुम्ही ग्रीनवेल म्हणतां.” त्यावर ते म्हणाले, “तेथें मला ट्राउट सांगतो. येथें कोण सांगणार?” या वादाचा निकाल लागला नाहीं. २०१५ सालीं मी मायदेशीं परत निघालों तेव्हां त्यांनीं ती माशी एका डबींत घालून मला दिली. डबीच्या झांकणावर त्यांच्या कांपऱ्या अक्षरांत दोन ओळी आहेत: वर माशीचें नांव, आणि खालीं ‘गाल नाहींत’.

येथें ट्राउट नाहीं, आणि नदीवर जाण्याइतका वेळहि मला क्वचितच मिळतो. पण शेगडा मेजावर आहे. येवल्याच्या एका विणकराकडून नारिंगी रेशीम आणिलें, तें विलायती रेशमाहून किंचित्‌ जाड असलें तरी मेण लाविल्यावर चांगलें बसतें. तितराच्या पिसाऐवजीं गांवठी कोंबडीच्या मानेचें ठिपक्यांचें पीस लावून पाहिलें. तें दिसावयास हुबेहूब, पण पेल्यांत ताठ उभें राहतें, मिटत नाहीं. हल्लीं पाळीव लाव्हे बाजारांत मिळतात. त्यांच्या पाठीचें पीस तपकिरी, मऊ, व भिजल्यावर बरोबर तितरासारखें उघडतें-मिटतें. आंखूड असल्यामुळें लहान गळासच पुरतें, एवढीच त्यांत उणीव आहे.